मिश्रण क्रमांक तीन

फॉर्मवर तीन रकाने : बियाणे, टक्के, शेरा.
बेरीज शंभर यायला हवी.
दहिसरच्या बंद पडलेल्या खाणीत
मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून
पेन्सिलीनं आकडे लिहिते, खोडते.
समोर डोंगराचा उरलेला अर्धा भाग,
आणि खाली साचलेलं हिरवट पाणी.

माती अशी नाहीच इथं.
कच आहे, खडी आहे, क्रशरची राखाडी भुकटी आहे,
मुठीत घ्यावी तर पिठासारखी मऊ,
पण भाकरी होणार नाही असं पीठ.

कंत्राटदार पेडणेकर म्हणतात,
मॅडम, स्टायलो टाका, सुबाभूळ टाका,
पुढच्या सप्टेंबरात पाहणी आहे,
हिरवं दिसलं म्हणजे झालं.

दिसतं की. मला माहीत आहे.
कांदिवलीला मीच टाकली होती, चाळीस टक्के,
नऊ वर्षांपूर्वी, याच अक्षरात.
आता तिथं सुबाभळीखाली फक्त सुबाभूळ उगवते.
फोटोत फार छान येते.

म्हणून या वेळी
ताग बारा. तो येईल, फुलेल, मरेल,
मेल्यावरच खरा कामाला लागेल.
पवन्या तीस, मारवेल अठ्ठावीस.
धायटी आठ, तिला कड्यावरून ओणवायला आवडतं.
निरगुडी, कुडा, थोडं कारळं.
उंबर लिहीत नाही,
त्याचं काम पक्षी करतात, टेंडर न भरता.
झाले शंभर.

पाठीमागं तिम्मव्वा कधीची उभी.
वडारवाडीतली. डाव्या हाताला अडीच बोटं.
वाचता येत नाही, तरी कागदाकडे असं बघते
की मला तो झाकावासा वाटतो.
चल, म्हणते.

कड्याच्या अंगाला, हात-हात अंतरावर,
सुरुंगाच्या भोकांचे अर्धे गाळे,
वरून खाली, सरळ, ओळंब्यात.
ही ओळ आमच्या मालकाची, ती सांगते.
तिकडची वाकडी दुसऱ्याची.
मी विचारते, एवढा डोंगर गेला कुठं?
ती हायवेच्या पुलाकडं हनुवटी करते. बस, एवढंच.

आणि प्रत्येक भोकात, चिमूटभर धुळीत,
गवताचा एकेक झुबका.
वाळलेला, तांबूस, डिसेंबरचा.
कुणी पेरलं नाही, कुणी टक्का ठरवला नाही.
कुसळ.

ती एक दाणा उपटते,
जिभेवर ओला करते, तळव्यावर ठेवते.
लांब काळी शेपटी पीळ सोडू लागते,
गरगर, हळूहळू,
टोक खाली, कातडीत जागा शोधत.
बघ, ड्रिल, म्हणते तिम्मव्वा.
याला डिझेल लागत नाही.
आणि हसते, तेव्हा तिच्या तोंडातही
एक-दोन गाळे रिकामे दिसतात.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात.
या डोंगरात एवढं मुसळ चाललं
तीस वर्षं, दिवसपाळी, रातपाळी,
ते कुणाच्या डोळ्याला टोचलं?

कुसळ बाजारात विकत मिळत नाही.
शेळ्यांच्या तोंडाला बोचतं, पायात मोडतं.
तिम्मव्वा खाली बसून
लुगड्याच्या काठात रुतलेली एकेक काढते
आणि बिस्किटाच्या रिकाम्या पुड्यात भरते.
दर काय लावू, विचारलं तर म्हणाली,
खडीची पाटी मोजून घ्यायचे,
हे काय मोजणार तू?

कुसळ, तीन टक्के.
शेरा : स्थानिक.
पुरवठादार : तिम्मव्वा दुर्गप्पा पवार.
बेरीज एकशे तीन येते.
पेडणेकर बोट ठेवून दाखवतात.
दिसतंय मला, म्हणते मी.

रात्री घरी सलवारीच्या शिवणीत एक निघालं.
भांडी घासून आलेल्या हातानं उचललं,
तर ओल लागली, फिरायला लागलं,
निसटून पडलं.
फरशीवर फिरतंच आहे,
खाली गुळगुळीत टाईल आहे हे
त्याला अजून कळलेलं नाही.